पांढऱ्याखालचा रामा

जळगावात माझं मॅचिंग सेंटर आहे. बायका साडी घेऊन येतात, मी तिच्यावर जाईल असा ब्लाउजपीस काढून देते. त्यामुळे रंगांची नावं दिवसभर तोंडात असतात. चिंतामणी, अबोली, डाळिंबी, वांगी, रामा. रामा म्हणजे धड हिरवा नाही, धड निळा नाही; मोराच्या मानेच्या जवळचा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा दुकान नव्हतं, पण रामा हा शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडला, आणि तो रंग म्हणून नव्हे. आमच्या घरात रामा म्हणजे थाप. नवऱ्याला यायला उशीर झाला आणि तो काही कारण सांगू लागला की सासरे म्हणायचे, "हा तुझ्या आईचा रामा झाला." सगळे हसायचे. सासूबाई पोळ्या वाढत असायच्या, त्या वाढतच राहायच्या.

सासऱ्यांना सगळी कॉलनी नाना म्हणायची आणि सासूबाईंना अक्का. मीही तेच म्हणू लागले. नानांचं बियाण्यांचं दुकान होतं. उंच, गोरे, कायम इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि बोलायला इतके गोड की दुकानात आलेला शेतकरी बियाणं घेऊन झाल्यावरही बसून राहायचा. कुणाच्या घरी दुखणंखुपणं असलं की नाना गाडी काढून हजर. गाडी म्हणजे पोर्चमध्ये उभी असलेली पांढरी अ‍ॅम्बेसिडर. ती अक्कांच्या वडिलांनी लग्नात दिलेली. त्यांची दोंडाईचाला कापसाची छोटी जिनिंग मिल होती आणि अक्का एकुलती एक मुलगी.

अक्कांचं म्हणणं एवढंच होतं, की ती गाडी माहेरी होती तेव्हा रामा रंगाची होती, आणि लग्नाच्या आधी त्या ती स्वतः चालवायच्या. नानांचं म्हणणं, गाडी पहिल्यापासून पांढरी आणि अक्कांनी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पहिल्या बाळंतपणानंतर त्यांना बाळंतवात झाला, त्यात डोक्यात काहीबाही बसलं, ते काही निघालं नाही. हे नाना इतक्या मायेने सांगायचे की ऐकणाऱ्याला नानांचीच कीव यायची.

पाहुणे आले की जेवणं झाल्यावर त्याचा कार्यक्रम व्हायचा. नाना बडीशेपेचा डबा पुढे सरकवायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायचे, "इकडे ये वं जरा. सांग पाहुण्यांना, आपली गाडी कोणत्या रंगाची होती?"

अक्का पदराला हात पुसत दारात यायच्या. मी लग्न होऊन आले तोवर त्या शिकलेल्या होत्या. खाली बघून म्हणायच्या, "पांढरी."

"आन् चालवायचं कोण?"

"ड्रायव्हर."

"शाब्बास. पाहा, औषध लागू पडलं." पाहुणे हसायचे. नानाही हसायचे, आणि मग फार प्रेमाने म्हणायचे, "जा, तू पण जेवून घे."

एकदाच त्या चुकल्या. माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस होता, घर माणसांनी भरलेलं. नानांनी हाक मारली, प्रश्न विचारला, आणि अक्का म्हणाल्या, "रामा." आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. नाना सगळ्यात जास्त हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताट बाजूला सारलं. "वेड्या बाईच्या हातचं मी जेवत नाही." दुकानाजवळच्या खानावळीत जेवू लागले. नवऱ्याआधी जेवायचं नाही हा अक्कांचा नेम. नाना घरी जेवत नव्हते म्हणून अक्का जेवत नव्हत्या. मी ताट वाढून त्यांच्यापुढे नेलं तर म्हणाल्या, "तू मधी पडू नको बेटा." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ते दोघं बघून घेतील. हे नवीन नाही." शेवटी एका दुपारी अक्का भिंतीला धरून चालायला लागल्या. संध्याकाळी नाना दुकानातून आले, तेव्हा ताट घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पांढरी व्हती." नानांनी ताट घेतलं, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाये."

अक्कांकडे एक फोटो होता. गाडीच्या बोनेटला टेकून उभी असलेली दोन वेण्यांची मुलगी. फोटो कृष्णधवल. त्यात गाडी राखाडी दिसायची, म्हणजे कुठल्याही रंगाची असू शकली असती. नाना तोही पाहुण्यांना दाखवायचे.

मग नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांना शब्द आठवत, पण तोंडातून भलताच निघे. पाणी हवं असलं की "बी" म्हणायचे. मुलाला हाक मारायला जायचे आणि "पोतं" म्हणायचे. वाचेसाठी एक तरुण स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदा घरी यायची. तिने अक्कांना समोर बसवून समजावलं, "त्यांना रोज वस्तू दाखवा, नाव विचारा. हवी ती वस्तू लगेच हातात देऊ नका. शब्दासाठी थोडं झगडू द्या. दया दाखवलीत तर ते बोलणारच नाहीत." अक्कांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्या नेमाने नानांचा अभ्यास घेऊ लागल्या. चमचा, टॉवेल, खुर्ची. नाना चिडायचे, डाव्या हाताने वस्तू भिरकावायचे. अक्का उचलून आणायच्या आणि पुन्हा विचारायच्या. थेरपिस्ट म्हणाली, घरचं माणूस इतकं करत नाही सहसा.

नाना पलंगावर असल्यामुळे गाडीला हात लावायची मोकळीक माझ्या नवऱ्याला पहिल्यांदाच मिळाली. नाशिककडे त्याने पाहिलं होतं, जुन्या गाड्या नव्यासारख्या करून लोक लग्नाला भाड्याने देतात. नवरदेव त्यातून उतरतो, फोटो काढतात. घोड्यापेक्षा त्यांना तेच बरं वाटतं. बियाण्यांच्या दुकानाला जोडून त्याने पंपांचं काम सुरू केलं होतंच, त्यात ही भर. गाडी अजिंठा रोडकडच्या एका गॅरेजात गेली. मिस्त्रीने सांगितलं, वरून मारून चालणार नाही, थरावर थर बसलेत, पार पत्र्यापर्यंत सोलावी लागेल.

एक दिवस मी दुकानात ब्लाउजच्या रुबिया कापडाचे तागे लावत होते. नवऱ्याचा फोटो आला, खाली लिहिलेलं, "हा कोणता कलर म्हणायचा?"

फोटोत गाडीच्या दाराचा आतला भाग होता. दाराला आतून जो रेक्झिनचा पॅड असतो तो मिस्त्रीने काढला होता. त्याच्यामागे, जिथे नंतरच्या कुठल्याही पेंटरची फवारणी पोचली नव्हती, तिथला पत्रा नव्या भांड्यासारखा चमकत होता. मी तागे तसेच टाकले. रामा रुबियाचा एक तुकडा कापला, पर्समध्ये घातला आणि स्कूटर काढली.

गॅरेजात गाडी सोललेल्या जनावरासारखी उभी होती. बोनेटवर मिस्त्रीने पॉलिश पेपरने एक जागा गोल घासली होती, तिथे कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसत होते. पांढरा, त्याखाली पांढरा, त्याखाली किंचित पिवळट पांढरा, मग पुट्टीचा राखाडी पट्टा आणि मधोमध, रुपयाएवढा, रामा. मी तुकडा काढून शेजारी धरला. काडीचा फरक नव्हता.

"पहिला कलर हाच, मॅडम," मिस्त्री म्हणाला. "कंपनीतून आलेला. बाकीचे नंतर चढवलेत."

नवरा बाजूला फोनवर होता. फोन संपल्यावर मी त्याला म्हटलं, "अहो, रामा आहे."

"हो, दिसतोय की."

"अक्का खरं सांगत होत्या."

त्याने एकदा बोनेटकडे पाहिलं. "असेल. आता काय त्याचं? लग्नाला पांढरीच मागतात लोक. मी पर्ल व्हाइट सांगितलाय."

मला वाटलं होतं, त्याला काहीतरी होईल. तो लहानपणापासून त्या बाईला वेडी समजून वाढला होता. पण तो मिस्त्रीशी बंपरच्या क्रोमबद्दल बोलू लागला.

घरी येऊन मी अक्कांना फोनवरचा फोटो दाखवला. त्या कांदा चिरत होत्या. त्यांनी फोटोकडे फार वेळ पाहिलं नाही. "फोटो नको," म्हणाल्या, त्यांच्या माहेरच्या बोलीत. "फोटोमा काय बी दिसस. माले गाडी दखाड." कांदा अर्धवट सोडून, हात धुऊन, चपला घालून त्या गेटजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी रिक्षा बोलावली.

गॅरेजात त्या थेट गाडीकडे गेल्या. उघड्या दाराच्या आत हात घातला आणि बोटं त्या पत्र्यावरून फिरवली. मग ड्रायव्हरच्या बाजूने आत जाऊन बसल्या. सीटची गादी काढलेली होती, नुसत्या स्प्रिंगा होत्या. त्यावर मी माझी ओढणी टाकू का म्हटलं, तर त्यांनी ऐकलंच नाही. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या खाली दांड्यासारखा असतो. अक्कांनी डाव्या पायाने क्लच दाबला, दांडा स्वतःकडे ओढून वर नेला, सोडला, पुन्हा दाबून खाली आणला, मग पलीकडे ढकलून वर, मग खाली. मान जराही न वळवता. एकदाही अडखळल्या नाहीत. हातातलं काम टाकून मिस्त्री बघत होता. "अम्मा को आता है," तो आपल्या कारागिराला म्हणाला.

अक्का उतरल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं रडतील, मी रुमालही काढून ठेवला होता. डॅशबोर्डमध्ये जो सामानाचा कप्पा असतो, त्याचं लोखंडी झाकण वाकलं म्हणून मिस्त्रीने काढून खाली टाकलं होतं. त्याची आतली बाजू रामा होती. अक्कांनी ते उचललं. "हाई लागस का तुमले?" मिस्त्री म्हणाला, नाही, नवीन बसवणार आहे. त्यांनी ते पदराखाली घेतलं आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी नानांच्या चहाची वेळ झाली. नानांना चहाचं व्यसनच. झटक्यानंतर बाकी सगळं गेलं तरी चहाची वेळ बरोबर कळायची, दाराकडे डोळे लावून बसायचे. अक्का कप घेऊन आल्या, कप तिपाईवर ठेवला, आणि झाकण त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"कोणता रंग शे?"

मी दारात होते. नानांचे डोळे त्या झाकणावर थांबले. त्यांनी ते ओळखलं याबद्दल मला आजही शंका नाही. माणसाचं तोंड वाकडं झालं तरी डोळे वाकडे होत नाहीत. मग त्यांनी ओठ जुळवले. "पां," म्हणाले. "पां... पां..."

अक्कांनी थोडी वाट पाहिली. मग कप उचलला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. संध्याकाळी तेच. नाना "पां" म्हणायचे, कधी "बी" म्हणायचे, कधी नुसतंच घशातून ओरडायचे. चहा मोरीत जायचा. जेवण, औषधं, अंग पुसणं, कूस बदलणं, यात अक्कांनी तिळभर कसूर केली नाही. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. फक्त चहा. चहाचा वास खोलीत भरायचा, वाफ निघायची, आणि नाना त्या कपाकडे बघत राहायचे. नवऱ्याने एकदा हे पाहिलं आणि मला म्हणाला, "बघ, आई किती मेहनत घेते. शब्द आल्याशिवाय देत नाही." थेरपिस्टनेही झाकण हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "छान. रंगांची नावं फार उपयोगी पडतात."

त्या दोघांना काही दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. सोयीचं होतं.

मी एकदा अक्का देवळात गेल्या असताना नानांना चहा करून दिला. चमच्याने पाजला. त्यांनी सगळा प्यायला आणि डाव्या हाताने माझं मनगट धरलं, सोडेनात. अक्कांना घरात पाऊल टाकताच वासावरून कळलं. त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं.

"तुले दया उनी?"

"अक्का, त्यांना बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले ना, एक शब्द अडकला की तोच निघतो. ते मुद्दाम म्हणत नसतील."

"माले बी तोच शब्द अडकी गयथा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर नई उना मन्हाकरता."

मग त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं, तिथेच, तुळशीजवळच्या पायरीवर बसून. त्या पहिल्या बाळंतपणाला, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या वेळी, दोंडाईचाला गेल्या. नाना त्यांना आणि बाळाला न्यायला आले, तर गाडी पांढरी. अक्का म्हणाल्या, हे काय, रंग कुणी बदलला? नाना म्हणाले, कुठे बदलला, पांढरीच तर होती. तेव्हा ते हसत म्हणाले होते. अक्कांनाही वाटलं गंमत करतायत. जळगावला आल्यावरही ते तसंच म्हणत राहिले. मग अक्कांच्या सासूबाई म्हणू लागल्या. मग शेजारी. ज्यांनी ती गाडी वरातीत डोळ्यांनी पाहिली होती तेही म्हणू लागले, कारण नानांची गंमत होती आणि नानांची मर्जी सगळ्यांना हवी होती. अक्का पहिल्यांदा भांडल्या. मग एक दिवस गाडीची किल्ली घेऊन पोर्चमध्ये गेल्या, चालवून दाखवते म्हणाल्या. नानांनी किल्ली काढून घेतली आणि गल्लीतल्या लोकांसमोर सांगितलं, हिला बाळंतवात झालाय, बाळ सांभाळा.

"तुमच्या माहेरी सगळ्यांना माहीत होतं ना?" मी विचारलं.

"आबाले माहीत व्हतं. आबानीच माले शिकाडं गाडी. ठेसनना रस्तावर." आबा म्हणजे त्यांचे वडील. "मी चिठ्ठी धाडी, आबा उनात. नानासमोर बठनात. मी म्हन्तं, आबा, तुम्ही सांगा, कोणता रंग व्हता." पायरीवरचं एक सुकलेलं पान उचलून त्यांनी त्याचे बारीक तुकडे केले. "आबा बोलनात, जवाई पांढरी म्हनतस ना बेटा, मंग पांढरीच म्हन. संसार कर."



"त्यानंतर मालेच वाटाले लागनं," अक्का म्हणाल्या, "आपलंच चुकत व्हई. इतला लोक सांगतस. बाप सांगस. मी डोळा मिटीसन पाहू, तं माले पांढरी दिसे. मन्ही गाडी माले पांढरी दिसे! तुले काय समजी?"

त्या उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "चहा तू देऊ नको आते." आणि त्यानंतर मी दिला नाही. मला त्यांची भीती वाटत होती असं नाही. त्या जे सांगून गेल्या त्यानंतर नानांच्या तोंडाला कप लावायला माझा हात उचलेना, आणि नानांकडे बघितलं की अक्कांच्या बाजूने उभं राहणंही जमेना. मी दुकानात जास्त वेळ थांबू लागले.

गाडी तयार होऊन आली ती दसऱ्याच्या आधी. पर्ल व्हाइट, क्रोम लखलखीत, आत लाल गाद्या. नवऱ्याने पूजा ठेवली. कॉलनीतले लोक, नात्यातले, असोद्याहून ज्यांच्या लग्नाला गाडी पहिल्यांदा जायची होती ते लोक, सगळे पोर्चमध्ये जमले. चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नानांना धोतर-सदरा घालून व्हीलचेअरवर बाहेर आणलं. लोक येऊन त्यांच्या पाया पडत होते. "नाना, गाडी पाहिली का? जशी होती तशी झाली." नाना मान हलवत होते.

पेढे वाटून झाले. मी सगळ्यांना चहा देत होते. अक्का आतून आल्या, एका हातात नानांचा कप, दुसऱ्या हातात ते झाकण. लोकांनी वाट दिली. थेरपिस्टही आलेली होती, ती कौतुकाने शेजारच्या बाईला सांगत होती की आता बघा. अक्का नानांसमोर वाकल्या आणि आवाज थोडा चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "सांगा पाहुणासले. आपली गाडी कोणता रंगनी व्हती?"

नानांनी झाकणाकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, मग अक्कांकडे. त्यांच्या कपाळावर घाम आला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. डावा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला गेला.

"रा," ते म्हणाले. आणि मग, अख्खं अंग पुढे ढकलून, "मा."

थेरपिस्टने टाळ्या वाजवल्या. "वा, नाना!" लोकांनीही टाळ्या वाजवल्या. माझ्या नवऱ्याचे डोळे भरून आले. मी अक्कांकडे बघत होते. मला वाटलं, झालं. आता त्या कप देतील आणि हे संपेल.

अक्का सरळ उभ्या राहिल्या. "नई," म्हणाल्या, एखाद्या लहान पोराला सांगावं तशा. "रामा कसानी? पांढरी व्हती. समोर उभी शे, दिसत नई का तुमले?" आणि लोकांकडे वळून, हसून, "डोकाले झटका लागेल शे ना. काहीबाही बोलतस."

मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. आजारी माणसाच्या बोलण्याला हसतात तसे हसले. नाना तोंड उघडं ठेवून त्या पांढऱ्या गाडीकडे पाहत होते. मग त्यांच्या घशातून आवाज निघू लागला. रडणं म्हणावं तर तसं नव्हतं, श्वास आत ओढताना येणारा आवाज. लोकांना वाटलं आनंदाने. अक्कांनी कप त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड बंद केलं. चहा हनुवटीवरून सदऱ्यावर सांडला. अक्कांनी पदराने पुसला, फार हळुवार.

त्यानंतर नाना बोलले नाहीत. थेरपिस्ट येत राहिली, वस्तू दाखवत राहिली, मग तीच म्हणाली की आता प्रगती थांबलीय, येण्यात अर्थ नाही. अक्कांनी झाकण माळ्यावर टाकलं आणि चहा वेळेवर, विचारल्याशिवाय, रोज देऊ लागल्या. नाना तो प्यायचे. प्रश्न येईल म्हणून कप दिसला की आधी अंग चोरायचे, मग प्यायचे. थंडी सरता सरता न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

अंत्ययात्रेला माणसं मावत नव्हती. पहूरपासून शेतकरी आले होते. बायका अक्कांना मिठी मारून रडत होत्या, आणि अक्का त्यांच्या पाठीवर थोपटत होत्या. त्या रडल्या नाहीत. दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी नानांचे पांढरे कपडे धुऊन, इस्त्री करून बोहारणीला दिले, भांडी घेतली नाहीत.

गाडी आता लगीनसराईत सारखी बाहेर असते. नवऱ्याने अजून एक घ्यायचं ठरवलंय. माझ्या मुलीने लायसन्स काढलं आणि त्याला म्हणाली की ही एकदा मला चालवू द्या, तेव्हा तो म्हणाला, "ती शोची गाडी आहे, ओरखडा पडेल." अक्का शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी दुकान लवकर बंद करून घरी आले होते. अक्का खाली फरशीवर आडव्या झाल्या होत्या. मी त्यांच्या पायांशी बसले आणि इतके महिने मनात होतं ते विचारलं. "अक्का, त्या दिवशी, पूजेच्या वेळी... तसं केल्यावर बरं वाटलं का तुम्हाला?"

त्यांनी डोळे उघडले. विचार केला. विचार करून उत्तर द्यायची त्यांना या घरात सवय नव्हती, म्हणून वेळ लागला.

"बरं नई वाटनं," त्या म्हणाल्या. "पन झोप लागस आते."

मग फॅन वाढवायला सांगून त्या कुशीवर वळल्या.